आपल्या गटातली मतं, मॉडरेटर आणि चर्चा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातलं पाणी, रस्ते, झाडं, शाळा, दवाखाने अशा रोजच्या गोष्टींवर बोलायला हा गट सुरू झाला. आधी आपण व्हॉट्सॲपवर होतो. तिथली १,०२४ सदस्यांची मर्यादा भरली. त्यातच एका सकाळी ‘ओ निगेटिव्ह रक्त हवं आहे, मेडिकलला’ हा निरोप शंभरभर सुप्रभातांखाली गाडला गेला. तो दुपारी कोणाच्या तरी नजरेस पडला, आणि आपण पोस्ट मतांनी वर-खाली होणाऱ्या जागी यायचं ठरवलं. इथे आल्यावर वेगळे प्रश्न सुरू झाले. तेच तेच विचारले जातात, म्हणून इथे एकत्र लिहितो आहे. उत्तरं मी लिहिली आहेत, पण बाकीच्या चार मॉडरेटरांनी, म्हणजे गटाची देखरेख करणाऱ्यांनी, वाचून, भांडून, दुरुस्त केलेली आहेत.

माझी पोस्ट तासाभरात खाली गेली. तुम्ही दाबली का?

नाही. पोस्ट खाली ढकलायचं बटण आमच्याकडे नाही. आमच्या हातात मुख्यतः चार गोष्टी आहेत: पोस्ट काढणं, चर्चेला कुलूप लावणं, एखादी पोस्ट सगळ्यात वर टाचून ठेवणं आणि सदस्याला काही दिवस थांबवणं. कोणती पोस्ट कुठे दिसेल हे मतं आणि वेळ मिळून ठरवतात.

हे गणित कसं असतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे निम्मे गैरसमज मिटतील. मतांवर चालणाऱ्या रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाचा प्रोग्राम बरीच वर्षं सगळ्यांना बघायला खुला होता. त्यात पहिल्या १० मतांना जेवढं वजन, तेवढंच पुढच्या ९० मतांना मिळून. शिवाय नव्या पोस्टला वेळेचा फायदा: साडेबारा तास आधी आलेल्या पोस्टशी बरोबरी करायला तिला एकदशांश मतं पुरतात. आकडे जागोजागी वेगळे असतात, पण घडण हीच. सुरुवातीची मतं फार जड, नंतरची हलकी, आणि जुनं हळूहळू खाली.

म्हणून रात्री दीड वाजता टाकलेली चांगली पोस्ट सकाळपर्यंत विझते आणि सकाळी आठला चहाच्या वेळी टाकलेली साधी पोस्ट दिवसभर वर राहते. त्यात कोणाचाही हात नसतो. पण अन्याय होतोच, आणि म्हणूनच ‘हात नाही’ एवढं सांगून आम्ही मोकळे होत नाही. पुढे सविस्तर येईल.

कमी मतांचा प्रतिसाद कधीकधी जास्त मतांच्या वर कसा दिसतो?

समजा एका टपरीवर एकच गिऱ्हाईक आलं, तर्री पोहे खाल्ले आणि म्हणालं ‘एक नंबर’. दुसऱ्या टपरीवर शंभर जण आले, नव्वद खूश झाले, दहा म्हणाले तर्री पातळ आहे. टक्केवारी काढली तर पहिली टपरी शंभर टक्के, दुसरी नव्वद. तुम्ही पाहुण्यांना कुठे न्याल?

एका गिऱ्हाइकावर भरवसा ठेवता येत नाही, हे आपल्याला गणित न करताही कळतं. ते गणितात बसवलं एडविन विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९२७ मध्ये. नमुना जितका लहान तितका अंदाज सावध. रेडिटने २००९ मध्ये प्रतिसाद लावण्यासाठी हीच रीत घेतली. आपल्याकडेही प्रतिसाद असेच लागतात. म्हणून १२ पैकी १२ मतं मिळालेला प्रतिसाद ६० वर आणि ४० खाली मिळालेल्याच्या वर दिसतो. पोस्टना मात्र वेळेचं गणित लागू आहे, कारण कालची पाणी बंद असल्याची सूचना आज वर असून उपयोग नाही.

जे वर आहे ते खरं, असं धरून चालावं का?

नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून इथे थांबतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असताना पाणी शिरलं. त्या पहाटे आपल्या गटात दहा मिनिटांच्या अंतराने दोन पोस्ट आल्या. पहिली: ‘अंबाझरीचा बांध फुटला!!! घरं सोडा, पळा!!!’ सोबत कुठल्या तरी भलत्याच धरणाचा व्हिडिओ. दुसरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांची, अकरा ओळींची. बांध फुटलेला नाही, पाणी वरून वाहतं आहे. ते कॉर्पोरेशन कॉलनी आणि डागा लेआउटच्या अंगाने येईल. तळमजल्यावर असाल तर मेन स्विच बंद करून जिन्याने वर जा. गाडी काढायला तळघरात उतरू नका.

पहिलीला उजाडेपर्यंत तीनशेच्या वर मतं होती. काकांच्या पोस्टला तीन.

आपल्याच एका सदस्य ताईंनी नंतर सांगितलं, त्यांनी फोन उघडला तेव्हा पहिलीच पोस्ट समोर होती. त्या सासूबाईंचा हात धरून रस्त्यावर उतरल्या. गुडघ्याच्या वर पाणी, अंधार, वाहून येणारा कूलरचा स्टँड. शेजाऱ्यांनी ओढून आत घेतलं म्हणून निभावलं. वरच्या मजल्यावर त्यांच्या दिरांचंच घर आहे. दुसरी पोस्ट दिसली असती तर त्या बारा पायऱ्या चढून गेल्या असत्या.

ज्यांनी पहिल्या पोस्टला मत दिलं ते वाईट नव्हते. घाबरलेले होते, आणि ‘हे सगळ्यांना कळलं पाहिजे’ म्हणून त्यांनी बोट दाबलं. पण मताचं बटण ‘खरं आहे का’ असं विचारतच नाही. ते फक्त जागा वाटतं: कोण पुढे बसणार, कोण मागे.

लोक लोकांकडे बघून मत देतात याचे पक्के पुरावे आहेत. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये १४,३४१ जणांना अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकवली. त्यांचे वेगवेगळे गट पाडले, आणि एक गट सोडून प्रत्येक गटात आधीच्या लोकांनी किती वेळा गाणं उतरवून घेतलं तो आकडा दाखवला. आकडा दिसणाऱ्या प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर आली. अगदी उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी सुमार सहसा वर चढलं नाही, पण मधल्या सगळ्यांचं नशीब पहिल्या काही श्रोत्यांच्या हाती होतं.

पहिल्या एका मताने इतका फरक पडतो?

पडतो. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मुचनिक, अराल आणि टेलर यांचा प्रयोग छापून आला. बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका संकेतस्थळावर पाच महिने, एक लाखाहून जास्त प्रतिसादांवर तो केला होता. काही प्रतिसादांना आल्या आल्या एक खोटं ‘वर’ मत दिलं, काहींना खोटं ‘खाली’, बाकीचे तसेच ठेवले. खोटं ‘वर’ मिळालेल्यांना पुढच्या पहिल्याच वाचकाने ‘वर’ मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटचा आकडा सरासरी २५ टक्के जास्त भरला.

खोट्या ‘खाली’ मताचा परिणाम मात्र टिकला नाही. लोकांनी उलट मतं देऊन ते भरून काढलं. म्हणजे कोणाला खाली ओढलेलं दिसलं की आपल्याला शंका येते, आपण थांबून वाचतो. वर नेलेल्यावर ती शंका घेत नाही. मला धोका या न घेतलेल्या शंकेत जास्त दिसतो. वाईट मतांपेक्षा न तपासलेली चांगली मतं गटाला जास्त फसवतात.

म्हणूनच इथे पहिले दोन तास मतांचा आकडा दिसत नाही. ‘आकडा का लपवता’ म्हणून रोज कोणीतरी चिडतं. आम्ही आकडा नंतर दाखवतोच. त्या दोन तासांत तुम्ही पोस्ट वाचून मत द्यावं, आकडा वाचून नव्हे, एवढंच हवं आहे.

‘खाली’ मत कधी द्यायचं? पटलं नाही म्हणून दिलं तर चालेल?

पटलं नाही तर उत्तर लिहा. ‘खाली’ मत विषय सोडून असलेल्या, चुकीच्या किंवा जागा अडवणाऱ्या मजकुराला.

हा नियम लिहायला सोपा, पाळायला अवघड. जगभर लोक ‘खाली’चा अर्थ ‘मला आवडलं नाही’ असाच घेतात. त्यावर प्रत्येकाने आपापला उपाय काढला आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर दुसऱ्याच्या उत्तराला ‘खाली’ मत दिलं की देणाऱ्याचाही एक गुण जातो. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चास्थळावर पाचशेच्या वर गुण झाल्याशिवाय ते बटणच दिसत नाही. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा इतरांना दाखवणं बंद केलं. स्लॅशडॉट हे १९९७ पासूनचं जुनं ठिकाण. तिथे नुसतं वर-खाली नसून मताला कारण जोडावं लागतं: माहितीपूर्ण, विनोदी, भडकाऊ असं. मराठीत ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळावर याच धर्तीवर ‘मार्मिक’, ‘रोचक’, ‘माहितीपूर्ण’ अशा श्रेण्या आहेत. मला स्वतःला ही रीत सगळ्यात आवडते. कारण निवडायला लागलं की माणूस क्षणभर विचार करतो, आणि ज्याला मत मिळालं त्यालाही काहीतरी कळतं.

आपल्याकडे सध्या एवढंच केलं आहे की ‘खाली’ दाबलं की तीन कारणं पुढे येतात: विषय सोडून, माहिती चुकीची, पुन्हा तेच. यांतलं एकही लागू नसेल तर बहुतेक तुम्हाला फक्त राग आला आहे. राग येण्यात गैर काही नाही. तो प्रतिसादात लिहा.

‘खाली’ मतं मिळाली की माणूस सुधारतो ना?

असं वाटतं खरं. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी चार बातमी-संकेतस्थळांवरच्या प्रतिसादांवर काम केलं आणि उलटंच निघालं. ज्यांना ‘खाली’ मतं मिळाली ते त्यानंतर जास्त लिहू लागले, आणखी वाईट लिहू लागले, आणि दुसऱ्यांनाही जास्त ‘खाली’ मतं देऊ लागले. ‘वर’ मतांनीही लेखन सुधारल्याचं दिसलं नाही. आणि सोडून जाण्याची सगळ्यात जास्त शक्यता कोणाची? ज्यांना वर नाही, खाली नाही, काहीच मिळालं नाही त्यांची.

ही शेवटची ओळ मी वाचली तेव्हा मला ते पाटबंधारेवाले काका आठवले. पुराच्या पोस्टनंतर त्यांनी सात महिने काही लिहिलं नव्हतं, आणि आम्हा पाच जणांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं, रागावले असतील. काका म्हणाले, “माझं काही भांडण नाही बाप्पा कोणाशी. वाचूनच कोणी नाही राहिलं, तं लिहू कायले?”

गटात भांडणारे दिसतात. त्यांच्यावर आमचा दिवस जातो. गप्प झालेले कुठल्याही यादीत येत नाहीत. आता आमच्यापैकी एक जण रोज संध्याकाळी शून्य प्रतिसादाच्या पोस्ट उघडून वाचतो आणि ज्यात दम आहे तिला एक खरा प्रश्न विचारतो. मत देत नाही, प्रश्न विचारतो. या एका सवयीने गटात जेवढा फरक पडला तेवढा आमच्या कुठल्या नियमाने पडला नाही.

माझी पोस्ट काढली, पण कारण समजलं नाही.

मग ती आमची चूक. काढलेल्या प्रत्येक पोस्टखाली कोणत्या नियमाने काढली आणि काय बदललं तर परत लावता येईल, हे दोन ओळींत लिहिणं आमच्यावर बंधनकारक आहे. लिहिलेलं नसेल तर नोंदवहीच्या, म्हणजे आमच्या निर्णयांच्या खुल्या नोंदीच्या, धाग्यात (चर्चेत) विचारा, तीन दिवसांत उत्तर मिळेल.

कारण सांगणं हा नुसता शिष्टाचार नाही. काढलेल्या पोस्टचं कारण दिलं की त्याच माणसाची पुढची पोस्ट काढावी लागण्याची शक्यता घटते, हे अभ्यासातून दिसलं आहे. नियम आधीच समोर ठेवण्याचाही असाच गुण येतो. नेथन मटायस या संशोधकाने रेडिटवरच्या विज्ञानाच्या गटात २,१९० चर्चांवर प्रयोग केला: काहींच्या माथ्यावर नियमांची सूचना टाचली, काहींच्या नाही. सूचना होती तिथे नव्यांनी नियम पाळण्याचं प्रमाण आठहून जास्त टक्के-बिंदूंनी वाढलं, आणि नव्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम दाखवले की लोक बिचकतील अशी आमची भीती होती. घडतं ते उलट. दारात पाटी असली की नवा माणूस निश्चिंत आत येतो. कुठे बसायचं हे त्याला कळतं.

“काय बे” लिहिलं म्हणून माझा प्रतिसाद अडवला. हा काय प्रकार?

तुमचं बरोबर आहे आणि ही चूक आम्ही दुरुस्त केली आहे. सुरुवातीला आपण शब्दांची एक तयार गाळणी लावली होती. ती बाहेरची होती आणि तिला ‘बे’ हा अपमान वाटायचा. नागपुरात दोन जिवलग मित्र भेटले की पहिला शब्द ‘काय बे’ असतो. ‘काऊन बे, आला नाही काल?’ यात जो जिव्हाळा आहे तो ‘काल आपण का आला नाहीत’ यात कुठून येणार?

पण हाच ‘बे’ अनोळखी मोठ्या माणसाला, भांडणात, शेवटी ठेवून लिहिला तर तो चापटीसारखा लागतो. शब्द तोच. कोण, कोणाला, कोणत्या सुरात, हे बघायला माणूसच लागतो, आणि तो इथलाच लागतो. गाळणीत आता फक्त जातिवाचक शिव्या आणि आईबहिणीवरच्या शिव्या आहेत. त्यांना कुठलाही सूर माफ नाही.

भटक्या कुत्र्यांच्या चर्चेला कुलूप का लावलं?

चारशे प्रतिसाद झाले होते आणि शेवटच्या दीडशेंत कुत्र्यांबद्दल एकही नवी गोष्ट नव्हती. माणसांबद्दल होत्या. एका ताईंच्या घराचा फोटो आणि गल्लीचं नाव पडलं तेव्हा कुलूप लावलं, फोटो काढला आणि टाकणाऱ्याला पंधरा दिवस थांबवलं.

कुलूप ही शिक्षा नाही. दुसऱ्या दिवशी नवा धागा उघडला, एकच प्रश्न ठेवून: तुमच्या भागात नसबंदीची गाडी शेवटची कधी आली होती? त्यावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून एक कामाची यादी केली. तेच लोक, तोच विषय.

सगळं मतदानाने ठरवा ना. लोकशाही आहे.

हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्यामुळे उत्तरही मोकळेपणाने देतो.

पहिली गोष्ट, मत देतं कोण? संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला एक ढोबळ ठोकताळा प्रसिद्ध आहे: अशा ठिकाणी शंभरात नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एक जण बहुतेक सगळं लिहितो. अचूक आकडे सोडा, पण आपल्या गटातही चित्र याच वळणाचं आहे. शिवाय आपले बोलणारे सदस्य बहुतेक पश्चिम आणि दक्षिण-पश्चिम नागपूरचे. उत्तर आणि पूर्व नागपूरचे थोडे. म्हणजे इथलं बहुमत हे नागपूरचं बहुमत नव्हे.

याचा चटका आम्हाला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास बसला. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे धम्मदीक्षा दिली. दरवर्षी लाखो माणसं दीक्षाभूमीवर येतात, कित्येक जण रात्रभर प्रवास करून. त्या आठवड्यात एक पोस्ट आली: वाहतूक, गर्दी, ‘यांच्यामुळे’ होणारा त्रास. एकही शिवी नव्हती. आमच्या नियमांत कुठे बसत नव्हती. ‘वर’ मतं भराभर पडली. खाली एका मुलीने लिहिलं की तिची आजी यवतमाळहून दरवर्षी येते, तिच्या घरी उतरते, आणि त्या ‘यांच्या’त आजीही आहे. त्या मुलीला इतकी ‘खाली’ मतं पडली की प्रतिसाद आपोआप मिटून गेला. वाचायचा तर मुद्दाम टिचकी मारावी लागायची.

नियम कोणी मोडला नव्हता. फक्त मतांनी एका मुलीला खोलीबाहेर उभं केलं होतं. तिचा प्रतिसाद आम्ही हाताने उघडला, वर टाचला, आणि तेव्हापासून आपला नियम असा आहे: मतांमुळे मिटलेला प्रत्येक प्रतिसाद एक मॉडरेटर वाचतो. त्याचा दोष फक्त ‘थोड्यांचं म्हणणं’ एवढाच असेल तर तो उघडला जातो. वाहतुकीच्या पोस्टवर मतदान घेतलं असतं तर ती जिंकली असती. म्हणून सगळं मतदानाने ठरत नाही.

मग ठरतं कसं? विकिपीडियाकडून शिकण्यासारखं आहे. तिथे मतं मोजण्यापेक्षा युक्तिवाद तोलून सहमती शोधण्याची रीत आहे. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर अशा बोलण्याच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात, आणि तो शब्द किती नेमका आहे! आपल्याकडे नियम बदलायचा तर दहा दिवस चर्चा होते, आक्षेप लिहून घेतले जातात, प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिलं जातं. कौल शेवटी घेतो, पण तो दिशा कळावी म्हणून. सहलीची तारीख, बैठकीची जागा असल्या गोष्टी मात्र खुशाल मतदानावर सोडतो.

कोणी काही भलतं लिहिलं तर ॲडमिनवर पोलिस केस होते म्हणे?

याचं उत्तर आपल्याच शहरातून आलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनवर गुन्हा दाखल झाला होता: एका सदस्याने महिला सदस्याविरुद्ध घाणेरडी भाषा वापरली आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ च्या निकालात तो गुन्हा रद्द केला. सदस्य काय लिहील यावर ॲडमिनचा आधीपासून ताबा नसतो. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याचं दिसत नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

कायद्याने सुटका झाली तरी त्या ग्रुपमधल्या बाईंचा प्रश्न उरतोच. तिला त्या क्षणी कोणीतरी मध्ये पडायला हवं होतं. म्हणून अशी तक्रार आपल्याकडे आली की बाकी सगळी कामं बाजूला ठेवतो.

फॉरवर्ड केलेले मजकूर का चालत नाहीत?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. भिक्षेकरी होते, पोटासाठी फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० मध्ये पुष्कळदा पुढे गेलेल्या निरोपांना एकाच ठिकाणची. पाठवायला थोडे कष्ट पडले की अफवेचा वेग मोडतो. आपल्याकडे तो कष्ट असा: जे पाठवायचं ते स्वतःच्या शब्दांत लिहा आणि कुठून कळलं ते सांगा. दोन ओळी पुरतात.

टोपणनाव चालतं का?

चालतं. कार्यालयात नोकरी करून नळाच्या गढूळ पाण्याबद्दल लिहिणाऱ्याला ते लागतं. एकाच माणसाची दोन खाती चालत नाहीत, कारण मग एका डोक्याची दोन मतं होतात.

तुम्हीच चुकलात तर? तुमच्यावर कोण?

स्लॅशडॉटवर १९९९ पासून एक सोय आली: मॉडरेटरांनी दिलेले निकाल इतर सदस्यांसमोर ठेवायचे आणि ते योग्य होते का हे विचारायचं. शिवाय तिथे मॉडरेटर कायमचा नसायचा. थोडे गुण वाटायला मिळायचे, काही दिवसांत ते संपायचे, मग पाळी दुसऱ्याची.

आपण त्याचं साधं रूप घेतलं आहे. आमची नोंदवही सगळ्यांना खुली आहे: काय काढलं, कोणी काढलं, का काढलं. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून सात सदस्य निवडतो. ते वीस नोंदी तपासतात. गेल्या वेळी वीसपैकी चार निर्णय त्यांनी फिरवले. त्यातले दोन माझे होते. एका सिमेंट रस्त्याबद्दलच्या पोस्टला मी ‘राजकारण’ म्हणून काढलं होतं. ज्यांचं घर उंच झालेल्या रस्त्याच्या पातळीखाली गेलं आणि पावसाचं पाणी उंबऱ्यातून आत येतं, त्यांच्यासाठी ते राजकारण नाही, हे मला त्या सात जणांनी दाखवलं. पोस्ट परत लावली आणि त्या सदस्याची माफी मागितली, जिथे काढली होती तिथेच, सगळ्यांसमोर.

कायमचं कोणाला काढता का?

फार क्वचित, आणि पाचपैकी चार जणांच्या सहमतीनेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत नेतो, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणतो, आणि गावाची पीडा गावाबाहेर गेली असं मानतो. माणसांच्या बाबतीत ही घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की वाईट मनःस्थिती आणि समोर आधीच चाललेली शिवीगाळ, या दोन गोष्टी जुळल्या की एरवी साधा माणूसही तसाच लिहू लागतो. म्हणून आधी धागा थंड करतो, मग त्या माणसाशी खासगीत बोलतो. धमकी, पाळत ठेवणं, कोणाचा पत्ता उघड करणं, लहान मुलांचे फोटो: यांना मात्र दुसरी संधी नाही.

मला मॉडरेटर व्हायचं आहे. काय करावं लागेल?

रोज एक तास. पहिला महिना नुसतं वाचायचं आणि नोंदवही बघायची, दुसऱ्या महिन्यात जोडीने निर्णय घ्यायचे, मग एकट्याने. सहा महिन्यांनी जागा सोडायची. उत्तर, पूर्व नागपूर आणि कामठी रोडच्या सदस्यांनी पुढे यावं ही खास विनंती, कारण आम्हा मॉडरेटरांत तिकडचं कोणी नाही आणि त्याने चुका होतात.

सगळ्यात जास्त गरज पावसाळ्यातल्या पहाटेची आहे, तीन ते सहा. पोस्ट आली की ती खरी आहे का हे दोन फोन करून बघायचं आणि खरी असेल तर वर टाचायची. ही पाळी सध्या पाटबंधारेवाले काका एकटे सांभाळतात. ते चौऱ्याहत्तरचे आहेत आणि त्यांना जोडीदार हवा आहे.